बिनविरोध मठाधिपती

आमच्या कंपनीनं आजवर दोह्यात पुष्कळ खोट्या वस्तू खऱ्यासारख्या बांधल्या. एका मॉलमध्ये बर्फाची गुहा केली, एका दातांच्या दवाखान्यात धबधबा केला, एका बँकवाल्याच्या व्हिलात कोकणातलं माजघर केलं, चुलीसकट. मठ मात्र पहिलाच. गेल्या सप्टेंबरात ऑर्डर आली, नोव्हेंबरात मठ उभा राहिला, आणि मग लक्षात आलं की त्यात संन्यासी कुठून आणायचे याचा विचार कुणीच केलेला नाही.

मी इथला स्टोअरकीपर, गोविंदराव. किती स्क्रू दिले आणि त्यातले किती खरोखर भिंतीत गेले, हे ताडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. माणसांकडेही आता तसंच बघितलं जातं, त्याला इलाज नाही.

तर मठाची हकिकत अशी. अल दुहैलच्या बाजूला एक मोठं हॉटेल आहे. त्याच्या बागेत हिवाळ्यापुरता ऑस्ट्रियातला एक जुना बेनेडिक्टाइन मठ जिप्सम बोर्डात उभा करायचा, दर शुक्रवारी दुपारी तिथं पाहुण्यांना जेवण द्यायचं आणि जेवताना पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकवायचं. मूळ मठ सेंट ऑल्डेमारचा, नऊशे वर्षांचा. हॉटेलची अट एकच: मठ हवा, त्यात धर्म नको. म्हणून क्रूस नाही, मूर्ती नाही, प्रार्थना नाही. नकाशात प्रार्थनाघर होतं, तिथं पाहुण्यांचे कोट ठेवायची खोली केली. दोह्यात माणूस कोट घालतो तो मुलाखतीपुरता. त्यामुळे ती खोली कायम रिकामी, थंड आणि शांत असते, आणि पाहिलं तर अख्ख्या मठात पवित्र वाटेल अशी जागा तेवढी एकच आहे.

उरलं संगीत. अडीचशे वर्षांपूर्वी त्या मूळ मठात हाफनबिखलर नावाचा एक संगीतकार नोकरीला होता. मठात जेवायचं ते अगदी मुक्यानं, हा तिथला नियम. जेवण संपलं हे मठाधिपतीनं ठरवायचं आणि लाकडी हातोडीनं टेबलावर टकटक करायची. टकटक झाली की घास तोंडात असो वा हातात, सगळ्यांनी उठायचं. सणासुदीला जेवताना हाफनबिखलरनं वाजवायचं. आता तेव्हाचे मठाधिपती खाण्याचे शौकीन आणि झपाट्याचे. त्यांचं ताट साफ झालं की टकटक, मग संगीत कुठंही असो. काही वर्षं या गृहस्थानं सोसलं, मग उपाय काढला. त्यानं अशा छत्तीस रचना लिहिल्या की त्या कुठल्याही ठोक्याला तोडल्या तरी तिथंच संपल्यासारख्या वाटाव्यात. आणि त्यांना स्वतःचा शेवट ठेवलाच नाही. एक रचना दुसरीत शिरते, छत्तिसावी पुन्हा पहिलीला जाऊन चिकटते, टकटक होईपर्यंत चालूच.

"युरोपच्या संगीताला आमच्या मठाची ही देणगी आहे," असं ब्रदर मॅथियास सांगतात. हे ब्रदर मॅथियास खरे, मूळ मठातले, सत्तरीचे. मठाच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून हिवाळाभर इथं येऊन राहिलेले.

"म्हणजे सुपरवायझर कधीबी टपकंल या हिशेबानं काम करायचं," आबासाहेब म्हणाले. "त्यात काय देणगी? आमी रोज करतो की."

आबासाहेब म्हणजे आमच्या जिप्सम गँगचे म्होरके. नऊ माणसांची गँग, सगळी पाटण तालुक्यातली, आबांनीच एकेक करून आणलेली. मठाच्या भिंती यांनीच उभ्या केल्या. त्यानंतरचं काम कुठंतरी परवानगीत अडकलं होतं, पगार चालू आणि हात रिकामे. तेव्हा आमचा प्रोजेक्ट मॅनेजर यशोधन, पुण्याचा, वय एकोणतीस, याच्या डोक्यात प्रकाश पडला. बाहेरून नट आणायचे तर व्हिसा, खोल्या, तिकिटं. त्यापेक्षा यांनाच झगे शिवू. बोलायचं तर नाहीच, नुसतं चबुतऱ्यावर बसून जेवायचं.

ब्रदर मॅथियासना आधी हे रुचलं नाही. मग यशोधन त्यांना बिरकत अल अवामेरला कामगारांच्या कॅम्पवर घेऊन गेला. सगळे पहाटे अंधारात उठतात, एका खोलीत ओळीनं झोपतात, एका पंगतीला जेवतात, प्रत्येकाची मालमत्ता एका लॉकरात मावते, वरिष्ठ सांगेल ते निमूट करतात, आणि बाईमाणूस आसपास औषधालाही नाही. म्हाताऱ्यानं हे सगळं पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "हे किती वर्षं या व्रतात आहेत?"

"आबासाहेबांना एकोणीस झाली."

ब्रदर मॅथियासनी आबांपुढे मान लववली. म्हणाले, आमच्या मठात आता पाच जण उरलेत. टेबलावर नऊ माणसं एकत्र बसलेली मी फार दिवसांनी पाहतोय.

फक्त त्यांचा एक आग्रह होता. मठाचं नाव लावायचं तर मठाधिपती वरून नेमायचा नाही, बंधूंनी आपल्यातून निवडायचा. यशोधननं भाषांतर केलं, "तुमच्यातला एक प्रमुख तुम्हीच इलेक्शन घेऊन ठरवा." हा मुलगा शिकलेला, पण पाटण तालुक्यातल्या नऊ माणसांसमोर निवडणूक हा शब्द उच्चारू नये एवढं त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी कॅम्पात दोन पॅनेलं पडली. बसचा ड्रायव्हर मुदस्सिर नांदेडचा, कुणाच्याच भावकीतला नाही, म्हणून त्याला निवडणूक निर्णय अधिकारी केलं. सचिननं अर्ज भरला. सचिन तेहतीस वर्षांचा. गावात सरपंचपदाला पडला म्हणून कतारला आलेला. इथं नियमानं पगार मिळतो, पण गळ्यात हार पडत नाही, ही त्याची एकच तक्रार.

आबांना विचारलं तर ते म्हणाले, "मला नको. दुसरा बगा कोनतरी."

आमच्याकडे याचा अर्थ एकच होतो. जो तयार असतो तो असंच बोलतो. ज्याला खरंच नको असतं तो मीटिंगला येतच नाही. आबा चुकून आले होते. जितक्यांदा ते नको म्हणाले तितकी लोकांची खात्री पटत गेली. शेवटी सचिननं वडीलधाऱ्यांचा मान राखून अर्ज मागे घेतला आणि आपण तो मागे घेतल्याचं आठवडाभर दिसेल त्याला सांगितलं. आबा बिनविरोध मठाधिपती झाले.

पहिल्या शुक्रवारी गंमत झाली. आबांना साइटवरची सवय, ताट दिसलं की भराभर संपवायचं. हॉटेलातले चौघे वादक, दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो, नुकते सूर लावून रंगात येत होते. पाहुण्यांच्या पुढ्यात सूप पोचत होतं. एवढ्यात आबांचं जेवण उरकलं आणि टकटक झाली.

"आबा, जरा स्लो," यशोधन नंतर हात जोडून म्हणाला. "लोकांनी पैसे भरलेत, किमान डेझर्टपर्यंत तरी चालू द्या."

"मग शेवटी घेत जातो डाळिंब. येकेक दाना."

त्या डाळिंबानं मठ चालला. पाहुण्यांना मुक्यानं जेवायला मिळण्याचं अप्रूप. नवराबायको समोरासमोर बसून दीड तास बोलत नाहीत आणि तरी भांडण झालेलं नसतं, याला लोक लांबून गाड्या काढून येऊ लागले. गँगही खूश. आबांनी मला सांगितलं, "गोविंदराव, फोरमनचं यल्ला यल्ला, चला उठा, ऐकल्याबिगर घास गिळला, असं इथं आल्यापासनं पहिल्यांदाच होतंय."

असं सुरळीत चाललेलं असताना आबांच्या बायकोचा, बायडाबाईंचा, गावाहून फोन आला. आबा माझ्या स्टोअरमध्ये चहा पीत होते, भिंतीच्या डागडुजीनं हात जिप्समच्या भुकटीत भरलेले, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला.

"ऐकलं का? ममतीचं लगीन अलीकडं आलंया. नवऱ्या पोराच्या आजीचं काय खरं न्हाई म्हनत्यात. ह्या म्हैन्याच्या शेवटच्या रविवारी अक्षता."

"आगं, मार्चात ठरलंवतं ना."

"आजीला मार्च दावायचा का? तुमी या म्हंजे झालं."

"बगतो."

"बगतो न्हाई. थोरल्या बबीताच्या लग्नाला बी तुमी बगतोच म्हनलावता. मग मोबाइलमदनं बगितलं. ऐन अक्षतेला तुमचं त्वांड तिथंच अडकलं, जांभई दिल्यावानी. पावनं अजून हसत्यात. ममतीनं सांगून ठिवलंय, बाबा मोबाइलमदनं येनार असतील तर मांडवात मोबाइलच येऊ द्यायचा न्हाई."

आबांनी फोन बंद केला आणि उरलेला चहा तसाच ठेवला. मग उठून यशोधनकडे गेले. मीही मागोमाग गेलो, कारण यशोधनच्या बोलण्यातलं इंग्रजी वजा करून उरलेलं आबांना सांगायला कुणीतरी लागतं.

"आबा, अशक्य आहे," यशोधन म्हणाला. "अ‍ॅग्रीमेंटमध्ये क्लिअर लिहिलंय, मठाधिपती सीझन संपेपर्यंत अव्हेलेबल पाहिजे. पोस्टरवर तुमचा फोटो आहे. मार्च एंडला जा, मी स्वतः एअरपोर्टला सोडतो."

"लगीन ह्याच म्हैन्याच्या शेवटाला हाय, सायेब."

यशोधन वाईट नाही. त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. म्हणाला, "एकच करता येईल. दुसरा कोणी मठाधिपती असेल तर तुम्ही टेक्निकली फक्त जिप्सम फिक्सर. आणि फिक्सरला सध्या काम नाही. मग उद्या सुद्धा जा."

ब्रदर मॅथियासना विचारलं. ते म्हणाले, मठाधिपती खरं तर आजन्म असतो. पण त्यानं स्वतः विनंती केली तर बंधू पुन्हा निवड करू शकतात. एका हंगामात एकदाच.

तर आता आबांना पडायचं होतं. पाटण तालुक्याच्या इतिहासात स्वतःच्या पराभवासाठी इतका जिवापाड प्रचार कुणी केला नसेल.

आधी त्यांनी साधेपणानं सांगितलं, "पोरीचं लगीन हाय, मला पाडा." सगळे हो म्हणाले. पण आबांना विश्वास येईना, कारण निवडणुकीत सगळेच हो म्हणतात. मग त्यांनी आपली बदनामी सुरू केली. दोन वर्षांमागं मेसमधलं सगळ्यांचं लोणचं आपणच संपवलं, असं त्यांनी जाहीर कबूल केलं. लोकांचे डोळे पाणावले. इतक्या मोठ्या पदावर जाऊन लोणच्याची कबुली देणारा माणूस कुठं मिळतो? मग त्यांनी वाईट कारभार करून पाहिला. पुन्हा झपाट्यानं जेवू लागले, म्हणजे संगीत अर्ध्यात तुटेल आणि लोक चिडतील. लोक कसले चिडतात, बस लवकर सुटायला लागली. तेव्हा त्यांनी उलट केलं, डाळिंबाचा एकेक दाणा घोळवत अडीच तास बसले. गँग आणखीच खूश, अडीच तास एसी आणि वर दोनदा कॅरामलचं पुडिंग. यशोधननं सांगितलं की आबा असताना मठ जितका लोकप्रिय आहे तितका तो नऊशे वर्षांत नसेल. आबा माझ्याकडे येऊन स्क्रूच्या खोक्यावर बसले.

"गोविंदराव, मी जे करतोय ते लोकांना आवडायलंय. काय करू?"

"सचिनला उभं करा. त्याचा प्रचार तुम्ही करा."

सचिनला हे सांगताच त्याला आनंद झाला आणि लगेच संशयही आला. "आबा, तुमी पाठिंबा देताय, पन मागनं सेटिंग न्हाई ना?"

"आरं, मला घरी जायाचंय."

"समदे असंच म्हनत्यात, आबा."

आणि मतदानाच्या आदल्या दिवशी त्यानं काय केलं, तर सगळे मतदार बसमध्ये घातले आणि पार उत्तर टोकाला, मदिनत अश शमालला सहलीला नेले, फुटू नयेत म्हणून. फोडणारा कोण? आबा. आबा तर स्वतः त्यांना बसमध्ये चढवून देत होते, पाण्याच्या बाटल्या मोजून देत होते. निवडणूक निर्णय अधिकारी बस चालवत होता. दिवसभर ते समुद्राकाठी तळलेला मासा खात बसले आणि सचिन प्रत्येकाचा मोबाइल आपल्या पिशवीत ठेवून पिशवीवर बसला.

दुसऱ्या दिवशी कोट ठेवायच्या खोलीत गुप्त मतदान झालं. मुदस्सिरनं चिठ्ठ्या उलगडल्या. ब्रदर मॅथियास साक्षीला.

"आबासाहेब," मुदस्सिरनं वाचलं. "आबासाहेब. आबासाहेब. ये बी आबासाहेब." शेवटपर्यंत तसंच. मधे एक चिठ्ठी सचिनची निघाली, ती आबांनी लिहिलेली, हे अक्षरावरून सगळ्यांना कळलं.

खोलीत कुणी कुणाकडे बघेना. एकेकाला बाजूला घेऊन विचारलं तेव्हा उलगडा झाला. प्रत्येकानं मनात ठरवलं होतं की सचिन निवडून येणारच आहे. मग एवढ्या वडीलधाऱ्या माणसाला शून्य मतं पडलेली बरी दिसतात का? मानाचं एक मत आपण देऊ, बाकीचे देतीलच सचिनला. सगळ्यांनी गुपचूप हाच विचार केला.

"मला येकच मत?" सचिन लाल झाला. "येवढा मासा चारला. गद्दार हायसा समदे."

"तुजं मत कुनाला होतं रं?" आबांनी शांतपणे विचारलं. "मी एक तुला दिलं. तुजं तू सोताला दिलं असतंस तर दोन झाली असती."

सचिननं उलगडलेल्या चिठ्ठ्यांची पुन्हा घडी घालायला घेतली. मग म्हणाला, "तुमास्नी शून्य कसं पडू द्यायचं, आबा?"

आबा त्या रिकाम्या खोलीत भिंतीला टेकून खाली बसले. रागावता येईना. एवढ्या प्रेमानं माणसाला कुणी अडकवलं तर तो रागावणार तरी कुणावर.

मग मी ब्रदर मॅथियासना गाठलं. मठाधिपती प्रवासाला गेला तर तुमच्याकडे काय करतात? म्हणाले, एखादा उपप्रमुख नेमतात. पण आमच्या संस्थापकांना ती पद्धत आवडत नसे, त्यातून मठात तट पडतात, रुसवेफुगवे होतात. हे यशोधननं मराठीत सांगितलं तेव्हा गँगनं एकदम मान डोलावली. जणू संस्थापक पाटण पंचायत समितीत दोन टर्म काढून गेले होते.

उपप्रमुख म्हणून आबांनी सचिनचं नाव घेतलं. बाकीच्या सातांचे चेहरे पडले. मग आबांनी आमच्याकडच्या कुठल्याही संस्थेत होतं तेच केलं. सचिन उपप्रमुख, दुसरा सहउपप्रमुख, तिसरा कार्याध्यक्ष, चौथा सरचिटणीस, असं करत आठही जणांना पदं वाटली. साधा संन्यासी मठात एकही उरला नाही. टकटक करायचा अधिकार आठांनाही सारखा. आठ हातोड्या मी स्टोअरमधून दिल्या.

यशोधन म्हणाला, "ओके. येत्या शुक्रवारी तुमच्याशिवाय शो करून बघू. नीट संपला की मी लीव्हवर सही करतो, संध्याकाळच्या फ्लाइटनं जा. फसला तर सॉरी, आबा."

शुक्रवार आला. आबा झग्याऐवजी पँटशर्टात, केस चोपून बसवलेले, भलीमोठी चाकाची बॅग घेऊन हॉटेलच्या किचनमध्ये स्टुलावर बसले. बॅगेला दोरी बांधलेली, दोरीवर मार्करनं गावाचं नाव. विमान मुंबईला रात्री उतरणार, तिथून गाडीनं पहाटे घरी, शनिवारी हळद. बाहेर मुदस्सिर बस लावून उभा.

आत आठ पदाधिकारी रांगेनं जेवायला बसले. प्रत्येकाच्या उजव्या हाताला एकेक हातोडी. संगीत सुरू झालं. सूप आलं, गेलं. मासा आला, गेला. गोड आलं. यशोधन दाराच्या फटीतून बघत होता, मी त्याच्या खांद्यावरून. आता कुणीतरी टकटक करील. कुणी करेना.

मग माझ्या ध्यानात आलं. सकाळी बसमध्ये सचिननं सगळ्यांना दम भरला होता, "ज्याची टकटक चुकीच्या जागी पडंल, त्यानं आबाचं लगीन बुडवलं म्हनून समजा." आता कुठल्याही जागी तोडली तरी संपल्यासारखी वाटेल अशीच ती रचना. चुकीची जागा तिच्यात नाहीच, हाफनबिखलरनं आयुष्य त्यातच घालवलं. पण हे त्या आठांना कोण सांगणार, आणि सांगायचं तर बोलायला बंदी. प्रत्येकानं ताटात एक घास शिल्लक ठेवला आणि दुसऱ्याच्या ताटाकडे बघत बसला. पंगतीतून आधी उठणारा तो वंगाळ, हे तर लहानपणापासूनचं.

संगीत चालू राहिलं. छत्तीस रचना संपल्या आणि पुन्हा पहिली सुरू झाली. पाहुण्यांची कॉफी झाली, कॉफीनंतरचे खजूर झाले. एक आजोबा खुर्चीत झोपले. एका बाईनं नवऱ्याला डोळ्यांनी काहीतरी विचारलं, त्यानं खांदे उडवले. चेलोवाल्याच्या कानावरून घाम ओघळत होता. पहिल्या व्हायोलिनवाल्या बाईनं वाजवता वाजवताच आठांकडे अशी नजर टाकली की दुसऱ्या कुठल्या मठात तिला त्यासाठी हाकलून दिलं असतं. आठही जणांनी शिकवल्याप्रमाणे नजर खाली ठेवली होती.

"मी जातो आत आणि थांबवतो," यशोधन कुजबुजला.

ब्रदर मॅथियासनी त्याची बाही धरली. टकटक करायची ती मठाधिपतीनं किंवा त्यानं नेमलेल्यानं. मॅनेजरनं नाही.

"मग सही करून टाक ना," मी म्हणालो. "आबांना सोड, हे बसू देत मार्चपर्यंत."

"शो संपलेला नाही, गोविंदराव. मी काय म्हणून सही करू? बघताय ना, त्यांच्याशिवाय संपतच नाहीये."

हे आबांनी ऐकलं. मुदस्सिर दोनदा दारात येऊन गेला होता. तिसऱ्यांदा आला तेव्हा नुसता मनगटाकडे बोट करून उभा राहिला. आबा स्टुलावरून उठले. त्यांनी बॅग धरली आणि यशोधनला बाजूला सारून तसेच मठात शिरले.

जिप्समच्या कमानीखालून, निळा चौकड्यांचा शर्ट घातलेला मठाधिपती बॅग ओढत निघाला. बॅगेचं एक चाक खुरडत होतं, त्याचा आवाज व्हायोलिनच्या वर ऐकू येत होता. झोपलेले आजोबा जागे झाले. आबा चबुतऱ्यावर चढले, सचिनच्या ताटाजवळची हातोडी उचलली आणि दोनदा टेबलावर मारली.

संगीत थांबलं. खरोखर असं वाटलं की ते इथंच संपायचं होतं.

आबांनी आठांच्या ताटांकडे पाहिलं, प्रत्येक ताटातल्या त्या एका घासाकडे. मग मठाचा नियम मोडून म्हणाले, "टाकू नगा रं. खाऊन घ्या."

आणि ते बॅग घेऊन, पाहुण्यांच्या मधल्या वाटेनं, थेट पुढच्या दारानं बाहेर पडले. मागे आठ जण एकदम उठून उभे राहिले. ते आबा चालले म्हणून उठले, पण पाहुण्यांना वाटलं आपणही उठायचं. मग कुणीतरी टाळी वाजवली. बाहेर बस स्टार्ट झाल्याचा आवाज येईपर्यंत टाळ्या वाढतच गेल्या. एक परदेशी बाई रुमालानं डोळे पुसत शेजारणीला म्हणाली, की मठाधिपती सगळं सोडून जगात परत जातो, किती धाडसी शेवट आहे. हॉटेलचा मॅनेजर यशोधनच्या पाठीवर थाप मारायला धावत आला आणि त्याला तो तिथं सापडला नाही, कारण यशोधन सहीचा कागद घेऊन बसमागं पळत होता. खिडकीतून हात बाहेर काढून आबांनी कागद घेतला.

सोमवारी बायडाबाईंचा फोन आला. लग्न झालं. आजी खुर्चीत बसून अक्षता टाकून गेल्या आणि आता बऱ्या आहेत. आबा मांडवात सगळ्यांच्या आधी पोचले होते. "आन काय सांगू, ह्यांनी दोन दिस रडून घेतलंय. पोरगी सोडून बाप रडतोय म्हनून पावनी मंडळी बगायलीत. बरं, इथं पंगतीत टेबल वाजवून समद्यांना उठवत्यात, ते काय हाय?"

इकडे मात्र हॉटेलनं ठरवून टाकलं की दर शुक्रवारी शेवट हाच हवा. ब्रदर मॅथियास आधी नाराज होते. म्हणाले, नऊशे वर्षांत चार मठाधिपती मठ सोडून गेले, पण एकाजवळही एवढी मोठी बॅग नव्हती. मग त्यांनीच सुचवलं की आता शोसाठी जी दुसरी बॅग घ्याल तिच्या चाकांना तेवढं तेल घालून ठेवा, नाहीतर सूर बिघडतो.

आबा येईपर्यंत बॅग घेऊन जाणारा दुसरा हवा. या जागेसाठी आठ अर्ज आले. पॅनेल पडलं नाही, सहल झाली नाही. आठवड्याला एक अशी पाळी लागली. पाळी असलेला माणूस आदल्या दिवशी केस कापून येतो, इस्त्रीचा शर्ट घालतो. बॅग रिकामी न्यायची असते, पण मी स्टोअरमधून देतो तेव्हा ती हलकी असते आणि परत येते तेव्हा आत काही ना काही असतं. कधी बायकोसाठी घेतलेली पर्स, कधी मुलाचे बूट. एकदा बदामाचं पाकीट.

पहिली पाळी सचिनची होती. टकटक करून, टाळ्या घेऊन तो झोकात बाहेर आला आणि बसमध्ये चढून खिडकीशी बसला. खरं तर त्यानं मागच्या दारानं किचनमध्ये परत यायचं होतं.

"उतर बाबा," मुदस्सिर म्हणाला. "झालं ना तुझं काम. खलास."

"पाच मिन्टं. गाडी चालू कर की."

"कशाला?"

"कर रं. गेटापतुर जाऊन येऊ."

मुदस्सिरनं आरशातून त्याच्याकडे पाहिलं, गिअर टाकला आणि बस गेटाकडे वळवली.